बॉनेटमधलं आभाळ

६ ऑक्टोबर, गुरुवार

आज धंद्याचा पहिला दिवस. निघताना धाकटी बहीण शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "ताई, एकसष्टाव्या वर्षी लोकांच्या गाड्या पुसत फिरणार तू?" मी म्हटलं, पुसणं वेगळं आणि राखणं वेगळं. कपडे शिवणाऱ्या बाईला तरी हे कळायला हवं.

पिशवीत फवाऱ्याच्या तीन बाटल्या घेतल्या. मोठ्या कॅनमधून मीच भरलेल्या, तिन्ही पांढऱ्या, चिठ्ठ्या माझ्या अक्षरात. पहिलीत रंगावर मारायचा नेहमीचा फवारा. दुसरीत मेणाचा, तो महिन्यातून एकदा पुरे. तिसरीत चाकांवरची काजळी उतरवणारं जहाल पाणी. ते रंगावर पडलं आणि वाळलं तर रंगाची वाट लागते, म्हणून ते पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात. शिवाय नऊ मऊ फडकी, चौघडी घातलेली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे, आता घरीच असतात. गाडी अंगणात, भिंतीच्या सावलीत. पत्र्याला तळहाताची मागची बाजू लावून पाहिली, थंडगार. पत्रा तापलेला असला तर फवारा पुसायच्या आत वाळतो आणि फराटे उमटतात. आधी ओल्या फडक्याने धूळ उतरवली. मग एकेका भागावर दोनच फवारे, फडकं सरळ रेघेत, मागोमाग कोरडं फडकं. खाली पडलेलं फडकं परत रंगाला लावायचं नाही. तासाभरात गाडी अशी झाली की हात लावायला संकोच वाटावा.

गाडी काळी आहे. मास्तर म्हणाले, "आमच्या हिला हा निळा रंग फार आवडला, म्हणून घेतली." मी फडक्यांच्या घड्या घातल्या. गाड्या रंगवण्याच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं मी छटा जुळवल्या. ठोकर खाल्लेल्या गाडीला नवं दार बसवायचं, तर ते जुन्या रंगात विरघळून जायला हवं, ते काम माझं. सगळे मला रंगबाई म्हणायचे. आता रंगावर टेकवलं की आकडे सांगणारं यंत्र आलंय. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, यंत्र तेवढं गप्प बसलं. शेवटच्या वर्षी माझ्या दोन गाड्या परत आल्या होत्या, दाराचा रंग वेगळा दिसतो म्हणून. तिथले नवे दिवेच तसे होते.

आणि आता भूगोलाचे मास्तर मला निळा कुठला ते शिकवणार.

९ ऑक्टोबर, रविवार

हल्ली संध्याकाळी फार छान वाटतं. रस्त्यावरचे दिवे लागले की प्रत्येक दिव्याला खळं पडतं, चंद्राला पडतं तसं. गॅलरीत खुर्ची टाकून बसते. समोरून जाणाऱ्या गाड्यांचे दिवे फुलांसारखे उमलत येतात आणि मिटत जातात. इतकी वर्षं वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली गेली, संध्याकाळ अशी असते हे मला ठाऊकच नव्हतं.

धाकटीला दाखवलं. ती दिव्याकडे पाहण्याऐवजी माझ्याकडेच पाहत बसली. तिला पहिल्यापासून असल्या गोष्टींची हौस नाही.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

मास्तरांकडे गेले. काम संपत आलं तेव्हा वरच्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला, "रंगबाई, जरा वर येता का?" माझं जुनं नाव मास्तरांनी सांगितलं असणार.

वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, खिडकीशी खुर्चीत होत्या. माझ्याच वयाच्या असतील. अकरा महिन्यांपूर्वी पडल्या, कमरेचं हाड मोडलं. ते जुळलं, पण जिन्याची जी भीती बसली ती बसलीच. तेव्हापासून खाली उतरलेल्या नाहीत.

म्हणाल्या, "इथून आभाळ दिसत नाही, बघा. वर पत्रा आहे आणि समोर ती उंच इमारत. दिसतं ते फक्त अंगण." मग हळूच म्हणाल्या, "आणि गाडी. तिच्या बॉनेटमध्ये मला आभाळ दिसतं. सकाळी ढग जातात. दुपारी चारच्या सुमाराला पाखरांचा एक थवा जातो. धूळ बसली की सगळं बंद."

म्हणून ते दर आठवड्याचं काम. गाडी महिन्यातून एकदासुद्धा बाहेर निघत नसेल. मला वाटलं होतं, मास्तरांना मिरवायची हौस आहे.

परत येताना सारखं मनात येत होतं: लोकांनी माझ्याकडून दारं जुळवून घेतली, बंपर जुळवून घेतले. आभाळ आजवर कुणी मागितलं नव्हतं.

२० ऑक्टोबर, गुरुवार

आज जीव ओतून काम केलं. दोनदा पुसलं. बॉनेटवर अशी मऊ झळाळी आली की कडा कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते कळेना. दुधावर साय धरावी तसा उजेड.

वर गेले तर वहिनी खाली बघत होत्या. म्हणाल्या, "आज आभाळावर फराटे आहेत."

मी परत खाली आले, वाकून पाहिलं. कुठे काही नव्हतं. सगळं एकसारखं, स्वप्नासारखं. वर जाऊन म्हटलं, "आता नाहीत." त्या हसल्या. "बरं," म्हणाल्या.

बिचाऱ्या. बसून बसून नजर मंदावली असणार. मास्तरांच्या कानावर घालावं की नाही? एवढ्यात नको.

२६ ऑक्टोबर, बुधवार

धाकटीशी वाजलं.

सकाळी पिशवी उघडली तर बाटल्यांच्या गळ्यात दोरे. पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, आणि चाकांच्या बाटलीला चक्क सुतळीचे वेढे. म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "हाताला कळावं म्हणून."

"हाताला कशाला? मला डोळे नाहीत?"

"काल भाजीत मीठ समजून साखर घातलीस, ताई."

"डबे तू हलवलेस."

"डबे सात वर्षं तिथेच आहेत."

मग मी तिला बरंच बोलले. गिऱ्हाइकांसमोर असल्या गाठोड्यासारख्या बाटल्या काढू का, वगैरे. कात्री घेतली आणि सगळे दोरे कापून टाकले. तिने तुकडे गोळा केले आणि मशीनपाशी जाऊन बसली. बराच वेळ मशीनचा आवाज मात्र आला नाही.

तिने जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या पट्ट्याही चिकटवल्या आहेत. घरमालकाने सांगितलं म्हणे. दिसायला बऱ्या दिसतात.

३ नोव्हेंबर, गुरुवार

धुकं. सकाळी निघाले तेव्हा रस्ता, झाडं, माणसं सगळी पाण्यात भिजवलेल्या कागदासारखी. मास्तरांकडे पोचेपर्यंत ऊन पडलं असं ते म्हणाले. मला तर दिवसभर धुकंच वाटलं, आणि ते हवंसंही वाटलं. गाडीवरून फडकं फिरवताना ढगावरून हात फिरवतेय असं वाटत होतं. इतकं सुख मला कामात कधी मिळालं नव्हतं.

१० नोव्हेंबर, गुरुवार

आज उशीर झाला. ऊन गाडीवर आलं होतं, बॉनेट कोमट लागलं. सावलीत घ्यायला सांगायला हवं होतं, पण मास्तर चहा घेऊन आले आणि बोलण्यात राहून गेलं. पहिली बाटली काढली. चिठ्ठी पुसट झालीये, पण बाटली कुठल्या कप्प्यात आहे ते मला पाठ आहे. सकाळी धाकटी पिशवी झटकत होती, तेवढंच. फवारा नेहमीपेक्षा पातळ वाटला, वासही जरा उग्र. नव्या कॅनचा असेल. म्हणून थोडा जास्त मारला, आणि चहा होईपर्यंत मुरू दिला.

पुसलं आणि पाहतच राहिले. बॉनेटभर चांदणं. खरंच, काळ्यावर बारीक बारीक पांढरे ठिपके, उन्हात लुकलुकणारे. असं काम आयुष्यात एकदाच होतं.

मास्तर काही बोलले नाहीत. फार सुंदर काही दिसलं की माणूस गप्प होतो.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी मास्तर घरी आले. पहिल्यांदाच. धाकटीने बसायला खुर्ची दिली तरी उभेच राहिले. म्हणाले, "बाई, बॉनेटवर डाग पडलेत. काल मला वाटलं, वाळल्यावर जातील."

"डाग कसले? ती चकाकी आहे."

"हिने कालपासून खिडकी लावून घेतलीये," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

धाकटी सोबत आली. मी बॉनेटवर हात ठेवला. डोळ्यांना अजूनही चकाकीच दिसत होती, पण बोटांना लागलं. काचेसारखं गुळगुळीत असायला हवं तिथे बारीक खरखर, देवीचे व्रण असावेत तशी. वरचा पारदर्शक थर खाल्ला गेला होता. सव्वीस वर्षांत दुसऱ्यांनी केलेलं असलं काम मी कितीदा नावं ठेवत दुरुस्त केलंय.

धाकटीने पिशवीतून बाटली काढली आणि चिठ्ठी वाचली. "चाकं," ती म्हणाली. तेवढंच. दोऱ्यांचं नावसुद्धा काढलं नाही.

मी मास्तरांना म्हटलं, "माझ्या हातून झालंय." मग खिडकीकडे तोंड करून पुन्हा म्हटलं, मोठ्याने. खिडकी उघडली नाही.

घरी आल्यावर धाकटीने विचारलं, "ती गाडी कुठल्या रंगाची आहे, ताई?"

"काळी."

"निळी आहे गं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मला वाटलं होतं, रडायची पाळी माझी आहे.

१४ नोव्हेंबर, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, बोलायला सरळ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यात चांगलाच पिकलाय.

"इतके दिवस का थांबलात?"

"मला दिसत होतं."

"काय दिसत होतं?"

मी दिव्यांची खळी सांगितली, धुकं सांगितलं, दुधाळ उजेड सांगितला. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मी शोभा सांगत होते, त्या लक्षणं लिहीत होत्या. म्हणाल्या, "भिंग पिवळं पडत जातं. निळा सगळ्यात आधी जातो. माणसाला पत्ता लागत नाही, कारण रोज थोडा थोडाच जातो."

बाहेर बाकावर बसून मी धाकटीला म्हटलं, "म्हणजे वर्कशॉपमधल्या त्या दोन गाड्या परत आल्या, ते बरोबरच होतं."

"हो."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"त्या दिवाळं निघालेल्या दुकानाच्या पाटीवरून," ती म्हणाली. वर्षापूर्वी समोरच्या दुकानाची 'बंद' अशी पाटी मी 'नंद' वाचली होती आणि मालकाचं नाव छान आहे म्हणाले होते. आम्ही दोघी तिथेच हसत सुटलो. नर्सने येऊन गप्प केलं.

१६ नोव्हेंबर, बुधवार

सगळ्या गिऱ्हाइकांना सध्या येणार नाही असं कळवलं. मास्तरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "डोळ्यांची काळजी घ्या." गाडी दुसऱ्या कुणाकडे द्या, असं सांगायचं होतं. ओठांवर आलं आणि तसंच राहिलं. बॉनेट मला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाहीये. हा स्वार्थ आहे की जबाबदारी, ते ठरत नाही.

शस्त्रक्रियेची भीती वाटते. दुसरी एक भीती आहे ती धाकटीला सांगितली नाही. संध्याकाळचे ते दिवे जातील.

२६ नोव्हेंबर, शनिवार

परवा उजव्या डोळ्याची झाली, काल पट्टी काढली. अक्षर मोठं काढतेय, चालेल.

पट्टी निघाली तेव्हा समोर भिंतीवर एक पडदा होता. मी म्हटलं, "हा कुठला रंग?" नर्स म्हणाली, "निळा, साधाच." साधा. मी त्या पडद्याकडे इतका वेळ बघत राहिले की पुढच्या पेशंटला आत घ्यायचं थांबलं. असा निळा मी शेवटचा कधी पाहिला होता? अंगावर पाणी यावं तसा आला.

घरी आले. स्वयंपाकघराच्या फरशीवर केवढे डाग, आणि मी रोज पुसत होते. आरशात एक म्हातारी.

डावा डोळा जानेवारीत. तोवर दोन घरं आहेत माझ्याकडे. उजवा झाकला की सगळं पिवळसर, उबदार, कडा नसलेलं. डावा झाकला की धुतलेलं आणि धारदार. संध्याकाळी गॅलरीत बसून पाळीपाळीने झाकत राहिले. उजव्याने दिवा म्हणजे नुसता दिवा, एक टिंब. डाव्याने अजून फूल. धाकटीने विचारलं, "काय चाललंय?" म्हटलं, व्यायाम.

१३ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी काम करायची परवानगी दिली. गॉगल लावून, धूळ टाळून. काल आणि आज मास्तरांकडे होते. वर्कशॉपमधल्या पॉलिशवाल्या मिस्त्रींना फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, "हातानेच कर. मशीन लावलंस तर उरलेला थरही जाईल. आणि सगळं निघणार नाही, हे आधीच सांगून ठेव."

गाडी निळी आहे. काळ्याच्या इतकी जवळ गेलेली की उन्हात तिरपं पाहिल्याशिवाय कळू नये, पण निळीच. मास्तरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "हो का?" आणि हसू दाबलं.

वीतभर भाग घ्यायचा, पॉलिशचा थेंब स्पंजवर, हलक्या हाताने घासायचं, पुसायचं, तिरप्या उजेडात पाहायचं, पुन्हा. दोन दिवसांत बॉनेट झालं. सगळीकडचे ठिपके गेले, डाव्या कोपऱ्यात सात राहिले. त्यांना आणखी घासलं तर खालचा रंग उघडा पडेल. मग फवारा. यावेळी बाटली तीनदा वाचली.

संध्याकाळी वर गेले. खिडकी उघडी होती. म्हटलं, "वहिनी, सात डाग राहिलेत. ते जाणार नाहीत. गेले असं मी सांगणार नाही."

त्यांनी खाली पाहिलं, बराच वेळ. "तुम्हाला दिसत नाही, हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "फाटकातून आत येताना तुम्ही पायाने पायरी शोधायचात. वरून सगळं दिसतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"फराट्यांचं सांगितलं की. त्यापुढे जीभ रेटेना. इतक्या खुशीत असायचात तुम्ही. गाडी पुसताना स्वतःशी गुणगुणायचात. मला वाटायचं, फराटे राहिले तर राहिले."

मी हातातल्या फडक्याची घडी केली. त्यांनीच पुढे विचारलं, "जवळून कसं दिसतं हो ते?"

"काय?"

"आभाळ. गाडीतलं."

म्हटलं, खाली येऊन बघा. बोलून गेले आणि जीभ चावली.

१५ डिसेंबर, गुरुवार

वहिनी खाली आल्या.

एकवीस पायऱ्या. मास्तर पुढे, उलटे उतरत, त्यांचे दोन्ही हात धरून. मी मागे, कमरेला हात देऊन. मधल्या वळणावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मला परत जायचंय." मास्तर म्हणाले, "बरं, जाऊ." आणि कुणीच हललं नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टकटक ऐकत तिघंही उभी. किती वेळ गेला कोण जाणे. मग वहिनींचा पाय आपणहून खालच्या पायरीवर गेला. पुढच्या नऊ पायऱ्या न थांबता.

अंगणात मास्तरांनी गाडीशेजारी खुर्ची मांडली. त्या बसल्या नाहीत. बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या, वाकल्या, आणि दचकल्या. आभाळ नव्हतं तिथे, स्वतःचा चेहरा होता. वरच्या खिडकीतून हे कधी दिसलं नसणार.

"किती वाळलेय मी," त्या म्हणाल्या. मग मान वर केली, खरं आभाळ पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. इतका उजेड झेपेना. मास्तर दुसरीकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते, म्हणून मीही दुसरीकडे पाहिलं.

थोड्या वेळाने वहिनींनी हात पुढे केला. "ती बाटली द्या."

मी चिठ्ठी वाचून दिली. त्यांनी बॉनेटच्या मधोमध फवारा मारला, दोन नाही, पाच-सहा. फडकं घेतलं आणि पुसायला लागल्या. हाताला जोर नव्हता, फडकं गोल गोल फिरत होतं, सगळं चुकीचं. वीतभर जागा पुसून त्या दमल्या आणि खुर्चीत बसल्या. कपाळावर घाम होता. "झालं ना नीट?"

मी वाकून पाहिलं. नव्या डोळ्याने पाहिलं. फराटे होते, लख्ख, एकात एक गुंतलेले, चार बोटांच्या रुंदीचे, ओल्या जागी वाळत आलेले. त्यांच्यावरून एक ढग चालला होता आणि फराट्यांत शिरून तुटत होता, पुढे जाऊन पुन्हा जुळत होता. खांद्यावर कोरडं फडकं होतं. एक हात फिरवला असता तर गेले असते.

"झालं," मी म्हटलं.

मग उरलेली गाडी केली. दारं, छत, मागचं झाकण. मधली ती जागा सोडून. मास्तरांच्या लक्षात आलं. वहिनी अंधार पडायच्या जरा आधी वर गेल्या, जाताना फक्त एकदा थांबल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा उतरणार म्हणाल्या, काम अर्धवट राहिलंय म्हणून.

घरी आले तेव्हा धाकटी काज करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "झाली का गं गाडी?"

"झाली," मी म्हटलं. "वीतभर राहिलीये. ती माझी नाही."